आधी पाळणाघर काढा, मग भिंती

“आता अजून काय हवं तुम्हाला? घर मिळालं, तेही बाईच्या नावावर!”

सोलापुरात विडी कामगार बायांच्या प्रश्नावर बोलायला उभं राहिलं की हे वाक्य कुठून तरी येतंच. कारखानदारांनी म्हटलं असतं तर त्याला उत्तर देत बसले नसते. पण हे म्हणणारे आपलेच असतात. मोर्चात आपल्यापुढे चालणारे, लाठ्या खाल्लेले, तुरुंगात जाऊन आलेले. म्हणून मैत्रिणींनो, हा वाद घरातला आहे आणि घरातला वाद मोठ्यानं बोलू नये असं मला कधीच पटलेलं नाही.

आधी जे मिळालं त्याचं मोल सांगते, म्हणजे माझ्यावर कृतघ्नपणाचा आरोप नको. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू, कन्नड, दखनी, मराठी बोलणाऱ्या हजारो बाया पत्र्याच्या खोल्यांतून, भाड्याच्या दहा बाय दहाच्या अंधारातून विड्या वळत होत्या. लाल बावट्याच्या संघटनेनं, आडम मास्तरांच्या पुढाकारानं, या बायांच्या सहकारी संस्था काढल्या आणि अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला माळरान घेतलं. तिथं गोदूताई परुळेकरांच्या नावानं १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. घराची किंमत सुमारे ६०,००० रुपये होती. त्यातले २०,००० केंद्राचे, २०,००० राज्याचे आणि २०,००० त्या बाईचे. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. पुढे त्याच कुंभारीत ३०,००० घरांचं रे नगर आलं. ‘रे’ म्हणजे राजीव आवास योजनेची इंग्रजी आद्याक्षरं. सरकार बदललं, योजना पंतप्रधान आवास झाली, नाव मात्र रे नगरच राहिलं. ९ जानेवारी २०१९ ला नरेंद्र मोदींनी पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या दिल्या. विडीवाल्या, यंत्रमागावरचे, कचरा वेचणाऱ्या, फेरीवाले, रिक्षावाले असे सगळे असंघटित कामगार तिथं आहेत. एका लाल संघटनेनं दोन वेगवेगळ्या रंगांच्या पंतप्रधानांना कुंभारीच्या माळावर आणून उभं केलं. देशात हे दुसरीकडे कुठं झालं असेल असं मला वाटत नाही.

आणि घर बाईच्या नावावर असणं ही काय चीज आहे ते आपल्याइतकं कुणाला कळणार? दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला “हे घर माझं आहे, उंबऱ्याबाहेर झोप” असं सांगणारी बाई मी कुंभारीत पाहिली आहे. भिलाईशी तुलना करा. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत मदतीनं पोलाद कारखाना झाला, १९५९ ला पहिली भट्टी पेटली, शेजारी सेक्टर पाडून सुरेख नगर वसवलं. झाडं, शाळा, दवाखाना, सगळं. पण क्वार्टर नोकरीला जोडलेलं आणि कायम नोकरी बहुतेक पुरुषाची. नोकरी संपली की क्वार्टर गेलं. बाईचा त्या घराशी संबंध नवऱ्याच्या हजेरीपुरता. ठेकेदाराकडच्या बायांना तर त्या नकाशात जागाच नव्हती. आमच्या सोलापुरात तर याहून जुनी आणि याहून वाईट आठवण आहे. ज्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमाती ठरवलं त्यांची सेटलमेंट इथं होती. भोवती काटेरी तार, रोजची हजेरी, आणि आतली माणसं गिरणीत कामाला. कामगारांची आखीव वसाहत म्हणजे आपोआप चांगली गोष्ट, असं सोलापूरकरांनी तरी समजू नये. ती तार ३१ ऑगस्ट १९५२ ला तुटली. तारेपासून बाईच्या नावच्या सातबाऱ्यापर्यंत आपण आलो, हे अंतर लहान नाही.

मग माझी तक्रार काय आहे?

माझी तक्रार नकाशाबद्दल आहे. वसाहतीचा नकाशा ज्या दिवशी टेबलावर पसरला जातो, त्याच दिवशी त्यात राहणारी बाई पुढची तीस वर्षं किती वाजता उठणार, किती पाणी उपसणार, तान्हं मूल कुणाजवळ ठेवणार आणि किती झोपणार हे ठरून जातं. त्या दिवशी आपण टेबलाशी नसतो. आपल्याला बोलावतात ते किल्ली घ्यायला, नाहीतर मोर्चाला.

“हे सगळं नंतर बघू, आधी डोक्यावर छप्पर तर येऊ दे” असं उत्तर मिळतं. हे उत्तर ज्यांच्याकडून येतं त्यांनी स्वतःच्या चळवळीचा इतिहास वाचावा अशी माझी विनंती आहे. कारण जगात पहिल्यांदा समाजवादी शहरं उभी करायला निघालेल्या लोकांनी प्रश्न नेमका उलटा विचारला होता. क्रांतीनंतरच्या रशियात घर कसं असावं याआधी घरातलं काम कुणी करावं यावर भांडणं झाली. १९१९ मध्ये पक्षाचा स्त्रियांचा विभाग निघाला. इनेसा आर्मांद आणि अलेक्झांड्रा कोलोन्ताय या दोघींनी तो उभा केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. एकेका चुलीपाशी एकेक बाई बांधून ठेवाल तर मतदानाचा हक्क देऊनही ती बांधलेलीच राहील. तेव्हा सामुदायिक भोजनगृहं, धुलाई केंद्रं आणि पाळणाघरं ही कारखान्याइतकीच बांधायची गोष्ट आहे.

हे नुसतं भाषण नव्हतं. इवानोवो-वोझ्नेसेन्स्क हे तिथलं कापडगिरण्यांचं शहर, आपल्या सोलापूरचं थोरलं भावंडच म्हणा. गिरण्यांत बायांची संख्या मोठी. देशातलं पहिलं ‘कारखाना-स्वयंपाकघर’ १९२५ मध्ये तिथंच उघडलं. म्हणजे यंत्रांवर चालणारं, पाळीतल्या कामगारांना शिजवून घालणारं मोठं स्वयंपाकघर. गिरणीतून सुटलेली बाई जेवून घरी जाणार, घरी जाऊन चूल पेटवणार नाही, अशी ती कल्पना. आमच्या जुन्या गिरणीचा भोंगा १८७७ पासून वाजायला लागला. त्यानंतर ती बंद पडेपर्यंत गिरणीतल्या बाईनं पाळी संपल्यावर भाकरी थापली नाही असा एक दिवस तरी गेला असेल का?

त्याच काळात स्त्रुमिलिन नावाच्या अर्थतज्ज्ञानं कामगार कुटुंबांच्या चोवीस तासांचा हिशेब मांडला. कोण किती तास कारखान्यात, किती घरकामात, किती झोपेत. निघालं ते तुम्हाआम्हाला न मोजताही माहीत आहे. कारखान्यातलं काम दोघांचं, घरकामाचा डोंगर बाईचा आणि झोप तिची कमी. पण मोजल्यानं एक झालं. ‘बाई दमते’ ही रड राहिली नाही, तो नियोजनाचा आकडा झाला. याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

मॉस्कोत १९२८ ते १९३० या काळात नार्कोमफिन नावाची इमारत झाली. गिन्झबुर्ग आणि मिलिनिस यांनी ती आखली. तिच्यातल्या काही घरांना नीट स्वयंपाकघरच नव्हतं, एक कोपरा फक्त. जेवण, धुणं, मुलं यांची सोय सामायिक भागात. मिल्युतिन या त्यांच्या अर्थखात्याच्या कमिसारानं १९३० मध्ये ‘सोत्सगोरद’ म्हणजे समाजवादी शहर या नावाचं पुस्तक लिहिलं आणि शहर लांबलचक पट्ट्यांनी वसवा म्हटलं. एका पट्टीत रेल्वे, दुसरीत कारखाने, मग झाडांची पट्टी, मग घरं. कामावर चालत जाता आलं पाहिजे. हे वाक्य कुंभारीहून रोज शहरात येणाऱ्या बाईनं कपाळावर लिहून घ्यावं असं आहे.

आणि मॅग्निटोगोर्स्क. उरल पर्वतापाशी लोखंडाच्या खाणीशेजारी १९२९ पासून उभं राहिलेलं पोलादाचं शहर. ते आखायला १९३० मध्ये जर्मनीच्या फ्रँकफुर्टहून एर्न्स्ट माय आपल्या वास्तुकारांचा गट घेऊन गेला. त्या गटात मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की ही बाई होती. तिची गोष्ट मला फार आवडते. १९२६ मध्ये तिनं कामगार घरांसाठी सहासात चौरस मीटरचं एक आटोपशीर स्वयंपाकघर आखलं होतं. हाताशी डबे, ओटा योग्य उंचीवर, पावलं वाचतील अशी रचना. आज जगभर जे ‘मॉड्युलर किचन’ विकतात त्याची ती आजी. पण सोव्हिएत देशात गेल्यावर तिनं मुख्यतः पाळणाघरं आणि बालवाड्या आखल्या. एका घरातल्या एका बाईची पावलं वाचवण्याकडून अख्ख्या वसाहतीतल्या बायांचे तास वाचवण्याकडे ती गेली. १९३७ पर्यंत ती तिथं राहिली. पुढे हिटलरविरोधी लढ्यात तुरुंगात गेली, शंभरी गाठेतो जगली, आणि लोक तिला शेवटपर्यंत विचारत राहिले ते त्या स्वयंपाकघराबद्दलच. बाईनं केलेल्या कामातलं काय लक्षात ठेवायचं हेही कुणीतरी दुसरंच ठरवतं.

आता कुणी म्हणेल, ताई, तुम्ही रशियाचे गोडवे गायला लागलात. थांबा. तिथं पुढे काय झालं ते सांगितल्याशिवाय मी हा विषय सोडणार नाही, कारण आमच्या लाल मित्रांनी लपवलेलं आणि आमच्या उजव्या टीकाकारांना न कळलेलं असं त्यात बरंच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे हे नकाशे बहुतेक पुरुषांनी काढले आणि बायांच्या वतीनं काढले. कुझ्मिन नावाच्या एका वास्तुकारानं १९३० च्या सुमारास खाणकामगारांच्या सामुदायिक वसाहतीसाठी दिवसाचं वेळापत्रक केलं, मिनिटामिनिटाचं. किती वाजता उठायचं, किती मिनिटं व्यायाम, किती मिनिटं अंघोळ, किती मिनिटांत भोजनगृहात पोचायचं. वाचलं की आपल्या सासूची आठवण होते. साब्सोविचसारख्यांनी तर मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायच्या योजना आखल्या. मुलांच्या आयांना कुणी विचारलं का? बाईला चुलीपासून सोडवायचं म्हणजे तिला रांगेत उभं करायचं असं नव्हे, हे त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मे १९३० मध्ये, आमच्या सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच महिन्यात, १६ तारखेला मॉस्कोत पक्षाच्या केंद्रीय समितीनं ठराव केला. जीवनपद्धती एका उडीत बदलण्याच्या या सगळ्या योजना हानिकारक कल्पनाविलास आहेत, देशाची साधनं आधी उद्योगीकरणाला हवीत. साब्सोविचचं नाव घेऊन टीका केली. त्याच वर्षी स्त्रियांचा विभागही बंद केला गेला. स्त्रीप्रश्न सुटल्यात जमा आहे, आता वेगळ्या विभागाची गरज काय! हे शब्द ओळखीचे वाटतात ना? ‘आधी पोलाद, बाकीचं नंतर.’ मॅग्निटोगोर्स्कची पहिली भट्टी १९३२ मध्ये पेटली, तेव्हा तिथले कामगार तंबूंत, बराकींत, मातीच्या खोपटांत राहत होते. मायच्या आखीव घरांपैकी थोडीच झाली आणि १९३३ ला तो निघूनही गेला. त्याच १९३२ च्या एप्रिलमध्ये इवानोवो भागातल्या गिरणी कामगारांनी शिधा कापला म्हणून संप केला. त्यात बाया आघाडीवर होत्या. भोजनगृह दिलं, पण ताटात काय वाढणार हे ठरवायचा हक्क दिला नव्हता. आणि १९३६ च्या जूनमध्ये गर्भपातावर बंदी आली. पाळणाघर बाईच्या मोकळेपणासाठी मागितलं होतं, ते आता जास्त मुलं आणि जास्त कामगार हवेत म्हणून उपयोगी ठरलं.

म्हणून जे म्हणतात “रशियात सगळं फसलं, तेव्हा सामुदायिक सोयींचं नाव काढू नका”, त्यांना माझं सांगणं आहे की पाळणाघर काढल्यामुळे काही फसलं नाही. ‘नंतर’ म्हटल्यामुळे फसलं, आणि बायांची स्वतःची संघटना मोडल्यामुळे फसलं. आणि जे म्हणतात “आधी घरं, बाकीचं नंतर”, ते १६ मे १९३० चा ठराव मराठीत वाचून दाखवत आहेत, एवढंच त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

आता कुंभारीत या.

विडी हा घरी बसून करायचा धंदा आहे. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा आणायचा, पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, मांडीवर सूप घेऊन वळायची, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा, आणि मोजून परत न्यायच्या. हजारावर मजुरी. तपासणीत बाद झालेल्या विड्यांचे पैसे नाहीत, पानं कमी पडली तर स्वतःच्या पैशानं आणायची. म्हणजे बाईचं घर हाच मालकाचा कारखाना आहे, आणि त्याचं भाडं, वीज, पाणी, झाडलोट मालक देत नाही. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा झाला त्यात पाळणाघर, पिण्याचं पाणी, संडास यांची तरतूद होती. पण ती होती कामाच्या ‘जागे’साठी. बायांना घरी काम दिलं की जागाच उरत नाही आणि मालकाची जबाबदारीही उरत नाही. आता तो कायदाही नव्या कामगार संहितांमध्ये विरघळून गेला आहे. ज्या उपकरावर विडी कामगारांचा कल्याण निधी चालायचा तो २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा रद्द झाला.

अशा वेळी आपण बाईला घर देतो. रे नगरची घरं सुमारे तीनशे चौरस फुटांची, तळमजला आणि वर दोन मजले, एका इमारतीत ३६ बिऱ्हाडं. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेली रक्कम तिनं उभी करायची. ती कशी उभी करते? कर्ज काढून आणि जास्त विड्या वळून. कुठं वळते? त्याच तीनशे फुटांत, जिथं तान्हं झोपलंय, डाळ शिजतेय आणि मुलगी दहावीचा अभ्यास करतेय. तंबाखूची धूळ भाताच्या पातेल्यावर बसते. पूर्वी चाळीच्या ओट्यावर चारजणी मिळून बसायच्या, एकमेकींच्या पोरांकडे बघायच्या, भाव वाढवून घ्यायची भाषाही तिथंच व्हायची. दुसऱ्या मजल्यावर दार लावून बसलेल्या बाईला ओटा कुठला?

घर हवंच होतं. पण घर आखताना ‘इथं काम चालणार आहे’ हे कुणी मान्यच केलं नाही. प्रत्येक इमारतीखाली, निदान दोन इमारतींमागे एक, हवेशीर सामायिक कामाची शेड काढली असती तर धूळ घराबाहेर राहिली असती, बाया एकत्र बसल्या असत्या, आणि मालकालाही ‘जागा’ दाखवता आली असती. त्या शेडला लागून पाळणाघर. मला सांगतात की अंगणवाड्या आहेत की. अंगणवाडी म्हणजे पाळणाघर नव्हे हो. ती काही तासांची, आणि तिथं बसून शिकायला जातं ते तीन वर्षांवरचं मूल. सहा महिन्यांचं पोर घेऊन दहा तास विड्या वळणारीनं काय करायचं? केंद्राच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ नावाची योजना आहे, अंगणवाडीलाच जोडून दिवसभराचं पाळणाघर. कागदावर आहे म्हणजे मागता येतं.

पाण्याचं तर काय सांगू. या शहरात वर्षानुवर्षं पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. उजनी भरलेलं आणि सोलापूर कोरडं ही आमची जुनी म्हण होऊन बसली आहे. पाणी कधी येणार यावर बाईचा दिवस ठरतो. ते रात्री दोनला आलं तर दोनला ती उठते. नकाशात पाण्याची टाकी दाखवलेली असते. ती भरण्याची वेळ मात्र दाखवलेली नसते.

आणि अंतर. आमच्या गटाची बैठक सात रस्त्याजवळच्या एका खोलीत भरते. सात वाटा मिळतात म्हणून ही जागा धरली. स्टेशनकडची येते, मोदीतली येते, विजापूर रस्त्यावरची येते. कुंभारीची बाई मात्र अख्खं शहर ओलांडून, दोन वाहनं बदलून येते. पूर्वी अशोक चौकाजवळ राहणारी जी बाई दर बैठकीला यायची, ती घर मिळाल्यावर तीन महिन्यांतून एकदा यायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, “अक्का, येण्याजाण्यात दोनशे विड्या जातात.” अंतर तिनं किलोमीटरमध्ये सांगितलं नाही. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे, चांगलं आहे. पण शहराच्या बसगाड्या गेली काही वर्षं कमी कमी होत आल्या. बसच नसेल तर अर्धं तिकीट कशाचं काढायचं? शेअर रिक्षात पूर्ण पैसे लागतात आणि रात्री आठनंतर भीतीही लागते. धुणीभांडी करणारी, वेचक काम करणारी, शहरात गणवेश शिवायला जाणारी, या सगळ्यांचं काम शहरात आहे आणि घर माळावर. मिल्युतिनच्या पट्ट्यांपैकी आपण घरांची पट्टी तेवढी उचलली आणि कामाची पट्टी शहरात ठेवून दिली.

यावर आमचे मित्र म्हणतात, शहरात जमिनीचे भाव बघा, कुंभारीला नाही तर कुठं? बरोबर आहे. संघटनेनं माळरान निवडलं ते हौसेनं नाही. गिरण्या बंद पडल्या, शहराच्या मध्यावर त्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या, तेव्हा त्या जमिनींवर कामगार बायांची घरं व्हावीत असं कुणी ठरवलं नाही. हा दोष एकट्या संघटनेचा नाही आणि मी तो तिच्या पदरात टाकत नाही. पण मिळालेल्या माळावर काय काढायचं हे तर आपल्या हातात होतं. वसाहतींना नावं दिली कॉम्रेड गोदूताई परुळेकरांची, कॉम्रेड मीनाक्षीताई सान्यांची. नावं बायांची, सभासद बाया, हप्ते बायांचे. मग नकाशा मंजूर करायच्या बैठकीत किती बाया होत्या? “त्यांना नकाशा कळत नाही” हे उत्तर मला देऊ नका. हजार विड्यांना किती पानं लागतील आणि एका पानातून किती कापं निघतील हे डोळ्यांनी सांगणाऱ्या बाईला तीनशे फुटांचा नकाशा कळत नाही?

अजून वेळ गेलेली नाही. वसाहत ही बांधून संपणारी वस्तू नाही, मोकळे भूखंड आहेत, पुढचे निधी यायचे आहेत. आमच्या गटानं संघटनेपुढे आणि प्रशासनापुढे तीन मागण्या ठेवायचं ठरवलं आहे. वळण्याच्या कामासाठी सामायिक शेड, तिला जोडून दिवसभराचं पाळणाघर, आणि पहाटे व रात्री शहराशी जोडणारी बस. चौथी मागणी संघटनेकडेच आहे. वसाहतीच्या कुठल्याही नव्या बांधकामाचा नकाशा आधी त्या इमारतीतल्या बायांच्या सभेत, त्यांच्या भाषेत, भिंतीवर मोठा लावून समजावून सांगायचा आणि त्यांच्या दुरुस्त्या लिहून घ्यायच्या. लाल बावट्याखाली हे होणार नसेल तर कुठल्या बावट्याखाली होणार? सामुदायिक स्वयंपाकघर मी मुद्दाम मागण्यांत घातलेलं नाही. त्यावर आमच्यातच दोन मतं आहेत. जात, सोवळं, कुणाच्या हातचं कोण खाणार, हे सगळं त्यात आहे, आणि ते बायांनी ठरवावं, कुणा कुझ्मिननं नाही.

मागण्यांना जोडायला आकडे हवेत, आणि ते आपल्यालाच गोळा करावे लागतील. म्हणून कुंभारीत आम्ही तासांच्या वह्या ठेवायला सुरुवात करतो आहोत. प्रत्येक बाईची एक वही, सात दिवसांची. किती वाजता उठली, पाणी किती वाजता आलं, किती खेपा, स्वयंपाक किती वेळ, विड्या किती आणि किती तासांत, मूल त्या वेळी कुठं होतं, कारखान्यात माल द्यायला जाण्यायेण्याला किती वेळ गेला, झोपली किती वाजता. लिहिता येत नसेल तिची वही तिची मुलगी लिहील. नवऱ्याच्या तासांचाही एक रकाना आहे, तो रिकामा ठेवायचा नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, निपाणीच्या मैत्रिणींनी आपापल्या वसाहतींत अशाच वह्या भरून घ्याव्यात आणि पुढच्या अंकाच्या आत आमच्याकडे पाठवाव्यात. रकाने आखलेला कोरा कागद आम्ही पोस्टानं पाठवू.